भांगलणीतलं तण आणि गौरीचा तेरडा

गौरी आल्या की कोल्हापुरात महाद्वार रोडला तेरड्याच्या जुड्या येतात आणि कुणीतरी विचारतंच, रानातलं तण पूजेला का? मला वाटतं ह्याचं उत्तर पोथीपेक्षा भांगलणीत, म्हणजे पिकातलं तण खुरपून काढण्यात सापडेल.

आपल्याकडं भांगलण म्हणजे बायकांचं काम. खुरपं घेऊन पात (आपल्या वाटणीची पिकाची ओळ) धरायची आणि उपटलेलं सगळंच बांधावर टाकायचं नाही, तांदुळजा, घोळ, पाथरी, कोवळा कुर्डू पदराच्या ओट्यात जायचा, रात्री भाकरीबरोबर तेच कोरड्यास. टाकळा पहिल्या पावसातच खुडायचा, नंतर निबर होतो.

सणात पण हेच तण. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, मग उरतं काय तर परसातलं आणि बांधावर आपोआप उगवलेलं. त्या दिवशी दात घासायचे आघाड्याच्या काडीनं. ह्याच आघाड्याची मुळी अडलेल्या बाईच्या केसात बांधायचे आणि बाळ झालं की लगेच सोडायचे (ही नुसती समजूत, दवाखाना गाठायचाच). मग पाणवठ्यावरनं गौर म्हणून तेरड्याच्या डहाळ्या, भाद्रपदात तो ऐन फुलात असतो.

सगळं तण इथलं नाही. एकदांडी मूळची अमेरिकेकडची, पण खुरपं लागलं की तिचाच पाला चोळून रस जखमेवर लावायचे, इतकी ती आपली झाली. काँग्रेस गवताला मात्र कुणी जवळ केलं नाही. ते 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं, परदेशी गव्हातनं आलं असं सांगतात. अंगाला खाज, वर दम्याचा त्रास. 1984 ला त्याच्यावर मेक्सिकोतला भुंगा सोडला, पावसाळ्यात पानं खातो पण गवत काय संपलं नाही.

खरा बदल उसानं केला. राधानगरी धरणाचं पाणी, कारखाने, ऊस वाढत गेला, मजुरी परवडेना आणि भांगलणीच्या जागी टू-फोर-डी हे तणनाशक आलं. हे औषध रुंद पानाच्या तणावर चालतं, ऊस गवताच्या कुळातला म्हणून वाचतो, हरळी पण वाचते, आणि आपल्या बहुतेक रानभाज्या रुंद पानाच्या, म्हणजे नेमकी भाजीच जाते. पात धरता धरता सासू सुनेला पानं ओळखायला शिकवायची ते पण त्याच्याबरोबर गेलं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

अजून बांधावर भाजी दिसते, जरूर खुडा, फक्त औषध कधी मारलंय ते आधी रानाच्या मालकाला विचारा.