एसीच्या नळ्यांचे निर्वातीकरण

स्प्लिट एसी बसवताना इनडोअर व आउटडोअर यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतील हवा आणि ओल पंपाने ओढून काढण्याची क्रिया. मराठवाड्यातले फिटर तिला ‘व्हॅक्यूम करणे’ म्हणतात. नव्या एसीचा गॅस कारखान्यातच आउटडोअरमध्ये भरलेला असतो आणि त्याचे दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. नळ्या व इनडोअरचे कॉइल यांत मात्र जोडणी करताना हवा शिरते. गॅस सोडण्याआधी ती काढावी लागते.

हवा आत राहिली तर गॅससारखी थंड होऊन तिचे द्रव होत नाही. ती कंडेन्सरमध्ये (आउटडोअरमधले, गॅस थंड होऊन द्रव होण्याचे कॉइल) जागा अडवून बसते, दाब चढतो आणि कॉम्प्रेसर जास्त करंट खातो. फेब्रुवारीत बसवलेल्या एसीत हा दोष कळतही नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर गेला, आउटडोअर तापलेल्या गच्चीवर असले, की भर दुपारी मशीन ट्रिप होऊ लागते आणि मग ‘गॅस कमी झाला’ असे निदान होते.

खरा शत्रू मात्र ओल. द्रव झालेला गॅस ज्या अरुंद वाटेने दाब उतरून पुढे जातो, त्या कॅपिलरीच्या (केसासारख्या बारीक नळीच्या) किंवा एक्स्पान्शन वॉल्व्हच्या तोंडाशी पाण्याचा अंश गोठून वाट अडवतो. शिवाय आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसच्या एसीत सहसा पॉलिएस्टर जातीचे तेल असते. ते हवेतली ओल झपाट्याने शोषते आणि पाण्याशी अभिक्रिया होऊन त्यात आम्ल तयार होते. जुन्या आर-२२च्या मशीनमधले खनिज तेल याबाबतीत बरेच सोशिक होते. त्या काळच्या सवयी आज महागात पडतात.

त्यातली एक सवय म्हणजे पंप न लावता गॅसनेच हवा हाकलणे. जाड नळीचा नट ढिला ठेवायचा, बारीक नळीचा वॉल्व्ह जरासा उघडायचा, फुस्स आवाज झाला की नट आवळायचा. काम काही सेकंदांत उरकते, हंगामात दिवसाला चार-पाच घरे होतात. पण याने हवा पुष्कळशी जाते, नळीच्या आतल्या अंगाला धरलेली ओल जात नाही. शिवाय असा हवेत सुटणारा आर-३२ हा सौम्य ज्वलनशील असून त्याची जागतिक तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरली जाते. आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन, भरलेल्या एसीवर हा प्रकार करणे जिवाशी खेळ आहे.

पंप पाणी ‘ओढत’ नाही, उकळवतो. दाब उतरला की पाणी कमी तापमानालाही उकळते : ४० अंशांना सुमारे ५५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली, तर १० अंशांना जेमतेम ९ मिलिमीटरला. त्यामुळे तीच ओली नळी मे महिन्यात लवकर सुकते आणि डिसेंबरच्या सकाळी वेळ खाते. एरवी ज्याला शिव्या देतो ते ऊन इथे कामाला येते. साधारणपणे ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर पारा, इथपर्यंत उतरायचे असते.

हे साध्या काट्याच्या गेजवर दिसत नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाबच ७६० नव्हे, ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून पूर्ण निर्वात झाले तरी हवेच्या दाबापेक्षा किती खाली उतरलो ते पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा हा काटा २८ इंचांच्या जवळ थांबतो, ३० गाठत नाही. पंप बिघडलेला नसतो. उलट ५,००० आणि ५०० मायक्रॉन यांतला फरक या काट्यावर पाव इंचही भरत नाही. त्यासाठी मायक्रॉन गेजच हवा.

आकडा गाठल्यावर गेजचा वॉल्व्ह बंद करून दहा मिनिटे वाट पाहतात. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ओल शिल्लक आहे, चढतच राहिला तर गळती, बहुधा फ्लेअर नटापाशी (नळीचे पसरवलेले तोंड आवळून धरणारा नट). निर्वात अवस्थेत कॉम्प्रेसर चालवायचा नसतो, त्याच्या मोटरचे वाइंडिंग जळू शकते.

मध्येच वीज गेली तर वेगळाच घोळ होतो. पंपात उलटा प्रवाह रोखणारा वॉल्व्ह नसेल तर थांबलेल्या पंपाचे तेल नळीत ओढले जाते. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात म्हणूनच जाणता फिटर पंप सोडून चहाला जात नाही.

सर्वांत वाईट गत होते ती भिंतीत गाडलेल्या नळ्यांची. बांधकाम चालू असताना खाचा पाडून नळ्या बसवतात, तोंडे उघडीच ठेवतात आणि एसी येतो वर्षभराने. तोवर प्लास्टरवर मारलेले पाणी, सिमेंटची धूळ आणि एक अख्खा पावसाळा आत गेलेला असतो. अशा नळ्या आधी कोरड्या नायट्रोजनने फुंकून घ्याव्या लागतात. मग व्हॅक्यूम, पुन्हा नायट्रोजन, पुन्हा व्हॅक्यूम, असे तीनदा करतात. बसवतानाच नळीची टोके चेपून झाळली असती तर अर्ध्या तासात आटपले असते.