एकट्याचा खेळ, चौघांचा डाव

बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदूकबाजीच्या खेळात नकाशा कुठलाही असो, एक गोष्ट आधी ठरवावी लागते: सोलो (एकटा), ड्युओ (दोघं) की स्क्वॉड (चौघं)? साखर पेठेत किंवा जुळे सोलापुरात संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या पोरांना विचारा, स्क्वॉडशिवाय दुसरं उत्तर येणार नाही. त्यांच्यातलाच एखादा रात्री गच्चीवर गादी टाकून पडला की गुपचूप सोलो लावतो, कारण तेव्हा रँडम भिडूंची कटकट नको असते. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही हवं असतं आणि खेळ बनवणाऱ्यांची खरी पंचाईत तिथेच आहे.

पंचाईत जुनी आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पण अनेक जण एकाच वेळी एकाच जगात. याच बार्टलने १९९६ साली खेळाडूंचे चार स्वभाव मांडले: कमाई करणारे, धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला छळण्यात रमणारे. पहिल्या दोन जातींचं एकट्यानेही भागतं. उरलेल्या दोघांना समोर माणूस लागतोच, बोलायला किंवा मारायला.

सहसा असं समजलं जातं की एकटा आणि गट यांच्यातला तोल बक्षिसाचा आहे: गटात खेळणाऱ्याला जास्त द्या, एकट्याला थोडं कमी द्या, झालं. मला हे पटत नाही. मूळ अडचण माणसं जमवण्याच्या खर्चाची आहे आणि तो खर्च फार वेगाने वाढतो.

समजा प्रत्येक गडी ठरलेल्या वेळी हजर असण्याची शक्यता ९० टक्के आहे. मग चौघंच्या चौघं हजर असण्याची शक्यता येते सुमारे ६६ टक्के. दहा जणांची ३५ टक्के. पंचवीस जणांची ७ टक्के. चाळीस जणांची जेमतेम दीड टक्का. आणि सोलापुरात ९० टक्के धरणं हाच मुळात आशावाद. नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ते रात्री अकराला आलं तर ‘थांब की बे, पाणी आलंय’ म्हणून निम्मं स्क्वॉड हंडे भरायला पळतं. एखादा लूमवर रात्रपाळीला असेल तर त्याची वेळ इतरांशी जुळायचीच नाही. (गणितात प्रत्येकाची अडचण स्वतंत्र धरली आहे. एकाच गल्लीतली लाइट गेली तर चौघं एकदम गायब, हा हिशेब निराळा.)

चाळीस हा आकडा उगाच घेतलेला नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात ‘मोल्टन कोअर’सारख्या मोठ्या मोहिमांना, म्हणजे तिथल्या भाषेत ‘रेड’ना, चाळीस जणांचा जथा लागायचा. हजेरीपट, राखीव गडी, कोण कधी येणार याची यादी. गिल्डचा, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या टोळीचा, प्रमुख खेळायचा कमी आणि मुकादमी जास्त करायचा. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने नव्या मोहिमा २५ आणि १० जणांवर आणल्या. वरचे आकडे पाहिले की कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

गंमत म्हणजे हाच खेळ लोकप्रिय झाला तो एकट्या खेळाडूची सोय केल्यामुळे. त्याआधीच्या, १९९९ सालच्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये बहुतेक पात्रांना सोबत्यांशिवाय पुढे सरकणं जिकिरीचं होतं. वॉरक्राफ्टने छोट्या छोट्या कामगिऱ्यांची साखळी दिली. वरच्या पातळीपर्यंत माणूस एकटा चालत जाऊ शकत होता. अमेरिकेतल्या पार्क या संशोधन केंद्रातल्या निकोलस डुशेनो यांनी निक यी आणि इतर सहकाऱ्यांसोबत या खेळातल्या हजारो पात्रांच्या वावराची नोंद घेऊन २००६ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की लोक बराचसा वेळ एकटेच खेळतात. मग पैसे भरून गर्दीच्या जगात कशाला यायचं? गड्ड्याच्या यात्रेत एकटा फिरणारा माणूस पाळण्यात एकटाच बसतो, पण रिकाम्या मैदानावर तो गेलाच नसता. तसंच हे. आपली नवी ढाल बघणारं कुणीतरी हवं असतं आणि आपल्यालाही दुसऱ्यांचे उद्योग बघायचे असतात.

एकटा आणि गट आमनेसामने आले की मात्र गणित कठोर होतं. सगळ्यांचा नेम आणि बंदुका सारख्या धरू. उघड्या मैदानात एक विरुद्ध चार. एका शत्रूला पाडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटका. पहिल्या घटकेत एकट्यावर चार बंदुकांचा मारा, दुसरीत तीन, मग दोन, मग एक. बेरीज १०. तेच चौघं अरुंद जिन्यावरून एकेक करून वर आले तर बेरीज फक्त ४. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात हा विचार मोठ्या सैन्यांसाठी समीकरणात बसवला: सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, एकास एक लढत असेल तर ती संख्येइतकीच राहते. सोलो-व्हर्सेस-स्क्वॉड खेळणारा पोरगा दुमजली घराचा जिना धरून बसतो आणि कॅम्पर (एका जागी दडून बसणारा) म्हणून शिव्या खातो, तेव्हा तो लँचेस्टरचा वर्ग काढून टाकत असतो. शिव्या देणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं.

म्हणूनच ‘एकट्याला जरा जास्त चिलखत द्या’ हा उपाय चालत नाही. किती जास्त? जिन्यावर चारपट पुरेल, मैदानात दहापटही कमी पडेल, कारण स्क्वॉडमध्ये पडलेला गडी ‘नॉक’ होतो आणि सोबती त्याला पुन्हा उभा करतात. सोलोत पडला तो संपला. शेवटी सोलो आणि स्क्वॉडवाल्यांच्या, खेळात शिरायच्या रांगाच वेगळ्या ठेवणं भाग पडतं.

माणूस गटात कसा वागतो हा आणखी एक पेच. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगलमन याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. गट वाढला तशी प्रत्येकाची ओढ घटली. आठ जणांत ती दरडोई जवळपास निम्म्यावर आली. निष्कर्ष १९१३ साली छापून आले. थोडी घट ओढण्याची वेळ न जुळल्याने होते, पण थोडी निव्वळ अंग चोरल्याने. पुढे बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरडाओरड्याचे प्रयोग करून अंगचोरी वेगळी काढून दाखवली, आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय असं सांगितलं की ती कमी होते हेही दाखवलं. २०१२ सालच्या ‘गिल्ड वॉर्स २’ने ही दुखरी जागा नेमकी ओळखली. तिथे रस्त्यात एखादी लढाई सुरू असेल तर कुणालाही परवानगी न मागता घुसता येतं. माणसं वाढली की शत्रूही तगडा होतो. ज्याने पुरेसा हात लावला त्याला त्याची स्वतंत्र लूट मिळते, दुसऱ्याच्या ताटातलं जात नाही. पाच मिनिटं लढा आणि चालू पडा. या सगळ्या उपायांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो, कारण इथे अनोळखी माणूस आल्याचा आनंद होतो, तोही आधी कुणाशी वेळ न ठरवता.

रांग लावली की यंत्रच गट जुळवून देतं, ही दुसरी वाट. वॉरक्राफ्टने डिसेंबर २००९ मध्ये ती आणली: बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण थेट गुहेच्या दाराशी. जमवाजमवीचा खर्च जवळपास शून्य. पण ओळखही शून्य. पुन्हा भेटणार नाही हे माहीत असलं की माणूस राम राम न करता येतो आणि पहिल्या चुकीला शिवी देऊन निघून जातो. जुन्या खेळाडूंची तक्रार इतकी टिकली की २०२२ साली जुनी आवृत्ती नव्याने काढताना कंपनीने ही सोय मुद्दाम वगळली, आणि पुढच्याच वर्षी ती परत आणावी लागली. शिव्या परवडल्या, वाट बघणं नको.

त्या रांगेतही एक गाठ आहे. पाच जणांच्या गटात मार अंगावर घेणारा एक टँक, जखमा भरणारा एक हीलर आणि तडाखे देणारे तीन. आता एकट्याच्या खेळात कोण चटकन पुढे जातो? तडाखे देणारा. हीलरला एकटं सोडलं तर तो स्वतःच्याच जखमा भरत रानडुकरामागे ताटकळतो. साहजिकच एकट्याचं जग तडाखेवाल्यांची भरती करतं आणि गटाच्या दाराशी टँक-हीलरची टंचाई होते. एका बाजूची सोय दुसऱ्या बाजूला रांग लावते. वॉरक्राफ्टने २०११ साली कमी पडणाऱ्या भूमिकेला वरकड बक्षीस सुरू केलं. माझ्या मते ती मलमपट्टीच. हात आखडतो तो बक्षिसापायी नव्हे, चारचौघांसमोर चुकण्याच्या भीतीने.

या भीतीलाही विज्ञानाचा आधार आहे. रॉबर्ट झायन्स याने १९६५ साली मांडलं की भोवती माणसं असली की सरावातलं काम अधिक चांगलं होतं आणि नवखं काम बिघडतं. म्हणजे शिकायचं एकट्याने, खेळायचं चौघांत. ‘फायनल फँटसी १४’ने २०१९ पासून काही गुहांमध्ये यंत्राने चालवलेले सोबती द्यायला सुरुवात केली आणि २०२२ पासून ही सोय कथेतल्या जुन्या गुहांपर्यंत नेली. ते सोबती हळू लढतात, पण ओरडत नाहीत. नवशिका टँक तिथे पाच वेळा मेला तरी कुणाच्या लक्षात राहत नाही. सहाव्या वेळी तो खऱ्या माणसांच्या रांगेत जाईल की यंत्राच्या सोबत्यांतच रमेल, हे मात्र त्या रांगेत त्याला किती वेळ थांबावं लागतं आणि पहिल्या चुकीला काय ऐकावं लागतं यावर ठरतं.