लिंबूटिंबूवर राज्य येतं का?

खेळात धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घ्यायची आपली जुनी रीत. लिंबूटिंबू पळतो, ओरडतो, सगळ्यांच्या पायांत येतो. पण तो आऊट झाला तरी कुणी धरत नाही आणि त्याच्यावर राज्य कधीच येत नाही. शेंडेफळाला एवढं पुरतं, कारण एक-दोन वर्षांत ते खऱ्या खेळात शिरणारच असतं. प्राथमिक शाळेतल्या दिव्यांग मुलाचं लिंबूटिंबूपण मात्र पहिलीत सुरू होतं आणि चौथीपर्यंत सुटत नाही.

कायद्याने आपलं काम केलं आहे. 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या कायद्यात ते 21 झाले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. मूल पटावर येतं, रॅम्प होतो. मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खायचा, हे काही कायदा ठरवू शकत नाही.

पण ते मोजता येतं. जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञाने 1930च्या दशकात ‘समाजमिती’ नावाची साधी पद्धत रूढ केली. प्रत्येक मुलाला एकट्याने विचारायचं: तुला कुणाशेजारी बसायला आवडेल? तीन नावं सांग. मग कागदावर मुलांची नावं लिहून बाण काढायचे. काहींकडे बाणांची गर्दी होते, काही जोड्यांत बाण दोन्हीकडून येतात आणि एखाद्या नावाकडे एकही बाण येत नाही. (‘कोण आवडत नाही?’ हा प्रश्न मी तरी वर्गात विचारणार नाही.) नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये सर्वसाधारण शाळांतल्या विशेष गरजा असलेल्या मुलांकडे वर्गमित्रांपेक्षा कमी बाण येतात, असं वारंवार दिसलं. एका बाकावर बसवलं की मैत्री आपोआप होते, हा समज तिथेच ढासळतो.

का होत नाही? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 साली वंशद्वेषाबद्दल लिहिताना एक गोष्ट मांडली होती. निव्वळ सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागावी आणि वरिष्ठांचा त्याला पाठिंबा असावा. आपल्या वर्गांत शेवटची अट बऱ्याचदा पुरी होते, कारण बाई मनापासून प्रयत्न करत असतात. घोडं अडतं ते पहिल्या अटीशी.

व्हीलचेअरवरच्या मुलीला एक हुशार, समजूतदार ‘मदतनीस मैत्रीण’ नेमून देणं हा नेहमीचा उपाय घ्या. ती दप्तर उचलते, पाण्याची बाटली भरून आणते, शाबासकी मिळवते. वर्षभर मदत एकाच दिशेने वाहते आणि दोघींपैकी एक छोटी ताई होऊन बसते. उलट, व्हीलचेअरवरच्या मुलीचे पाढे पक्के असतील आणि तिच्याकडे इतरांचे पाढे म्हणून घ्यायचं काम दिलं, तर मदतीची देवघेव सुरू होते. मोठ्यांची सोबतही अशीच आड येते. मायकेल जियानग्रेको यांनी 1997 साली अमेरिकी शाळांत पाहिलं, की सहायक सतत मुलाला चिकटून बसला की बाकीची मुलं लांब राहतात. आपल्याकडे सहायक क्वचितच असतो. वर्गाच्या दारात आई बसलेली असते. तिच्यासमोर कोण चिडवाचिडवी, गुपितं करणार?

कमी ऐकू येणाऱ्या मुलाची अडचण तर दिसतही नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण बाईंच्या शब्दांबरोबर बाक सरकल्याचा, पंख्याचा आणि शेजारच्या वर्गातल्या कवितेचाही. बोलणारा हातभर अंतरावर, तोंड समोर करून असला तर ठीक. मधल्या सुट्टीच्या गलक्यात मात्र विनोद निसटतो. मूल विचारतं, ‘काय म्हणाला?’ उत्तर येतं, ‘काही नाही.’ त्या ‘काही नाही’त कुणाचा दुष्टपणा नसतो, विनोद पुन्हा सांगायचा कंटाळा असतो. दिवसातून चार वेळा ते ऐकलेलं मूल पाचव्यांदा विचारत नाही. गोल करून बसणं, एका वेळी एकानेच बोलणं, फळ्याकडे तोंड असताना न बोलणं, याला पैसा लागत नाही.

3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, अनेक शाळांत मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून चालायला लावतात. हेतू चांगलाच. पण मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी 2017 साली अशा प्रयोगांचा परिणाम तपासला, तेव्हा सहभागींच्या मनात सहानुभूतीबरोबर गोंधळ, लाज आणि असहायताही वाढलेली आढळली. पाच मिनिटं ठेचकाळणाऱ्याला आंधळेपणाची धास्ती कळते; वर्षानुवर्षं सरावलेल्या मुलाचं कौशल्य कुठून कळणार?

तीच पट्टी खेळात आणली की चित्र बदलतं. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1946 साली गोलबॉल हा खेळ निघाला. प्रत्येक बाजूला तीन खेळाडू, चेंडूत घंटा, मैदानाच्या रेषा हाताला लागाव्यात म्हणून खाली दोरी आणि सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. आंधळ्या कोशिंबिरीत पट्टी एकाला असते आणि बाकीचे हसतात. इथे आवाजावरून चेंडू ओळखणारा बाजी मारतो. शिवाय नियमाने स्वतःला अडवून घेणं आपल्या मुलांना कुठे नवं आहे? लंगडीत धावू शकणारा गडी एका पायावर पळतो आणि त्याची कीव कुणालाच येत नाही.

म्हणून नियम बदलायचा तर एकट्यासाठी न बदलता सगळ्यांसाठी बदलावा, आणि तो पोरांनाच शोधू द्यावा. विषामृतात कुबडीवाल्या भिडूला पकडायचं कसं, यावर ती दहा मिनिटं कडाकडा भांडतील. भांडू द्यावं. बाईंनी मैदानाच्या कडेला उभं राहून आठवडाभर एवढंच टिपावं: राज्य कुणाकुणावर आलं, आणि कुणावर एकदाही आलं नाही.