४२९४९६७२९७ (फर्मा संख्या)

४,२९,४९,६७,२९७ म्हणजेच चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही दहा अंकी विषम संख्या मिळते. द्विमान पद्धतीत तिच्या दोन्ही टोकांना १ आणि मधे ३१ शून्ये येतात. संख्या सिद्धांतात तिचे नाव झाले ते एका मोठ्या गणितज्ञाचा अंदाज तिने खोटा ठरवल्यामुळे.

२ च्या १, २, ४, ८ आणि १६ या घातांमध्ये १ मिळवल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या मूळ संख्या मिळतात. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास प्रत्येक वेळी मूळ संख्याच येईल, असे मत फ्रेंच गणितज्ञ प्येर द फर्मा यांनी १६४० च्या सुमारास पत्रांतून मांडले होते. सिद्धता मात्र त्यांच्याजवळ नव्हती. या मालिकेतील संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. शून्यापासून मोजल्यास प्रस्तुत संख्या त्यांतील पाचवी होय. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडून दाखवली. तिचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असला पाहिजे, असे त्यांनी पुढे सिद्ध केले. त्यामुळे १९३, २५७, ४४९ आणि ५७७ या चार मूळ संख्या तपासल्यावर पाचवी पाळी थेट ६४१ ची येते. या युक्तिवादाचा पाया असलेले प्रमेय खुद्द फर्मांचेच होते, हे विशेष.

भागाकार न करताही ६४१ ची विभाज्यता दाखवता येते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते, आणि त्याचा चौथा घात घेतल्यास ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. परंतु ६४१ म्हणजेच ६२५ + १६ असल्यामुळे ६२५ च्या जागी −१६ घेता येतो. १६ हा २ चा चौथा घात असल्याने २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते, आणि त्यात १ मिळवल्यावर काहीच उरत नाही.

ही संख्या ६५५३६ व १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ती ६२२६४ व २०४४९ यांच्या वर्गांचीही बेरीज आहे. मूळ संख्या अशा दोन प्रकारे लिहिता येत नाही, त्यामुळे एवढ्यावरूनही ती संयुक्त असल्याचे कळते. फर्मा कसोटीत एका पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी असलेला घात घेऊन त्याला त्या संख्येने भागल्यास बाकी १ येते का, हे पाहतात; २ हा पाया घेऊन केलेल्या या कसोटीत मात्र ती मूळ संख्येसारखीच उत्तीर्ण होते. ३ हा पाया घेतला की तिचे बिंग फुटते.

६५५३७ नंतरची एकही मूळ फर्मा संख्या अद्याप सापडलेली नाही. विषम बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी व कंपास यांनी काढता येण्यासाठी बाजूंची संख्या ही मूळ फर्मा संख्या किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. म्हणून ४२९४९६७२९७ बाजूंचा बहुभुज काढता येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही. दोन बाजू कमी केल्या, तर मात्र ४२९४९६७२९५ म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार मिळतो आणि तेवढ्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. असा काढता येणारा, विषम बाजूंचा याहून मोठा सुसम बहुभुज आजवर ज्ञात नाही.