नोकरी गेल्यावर ईएसआयसीकडून मिळणारे बेरोजगारी साहाय्य : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला ‘ईएसआय’ या नावाने जी रक्कम कापली जाते, तिचा संबंध बहुतेक कामगार फक्त दवाखान्याशी जोडतात. आजारपण, बाळंतपण आणि कामावरचा अपघात यांसाठी हा विमा आहे, हे खरेच आहे. पण कामावरून कमी केल्यास काही काळ रोख रक्कम देण्याची तरतूदही याच विम्यात आहे आणि ती माहीत नसल्यामुळे पात्र असलेले अनेक जण अर्जच करत नाहीत. या तरतुदीचे नाव ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ असे आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, म्हणजेच ईएसआयसीने, ती १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. तेव्हा सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळत असे आणि त्यासाठी तीन महिने बेरोजगार राहावे लागे. करोनाच्या काळात या अटी सैल करण्यात आल्या. २४ मार्च २०२० पासून नोकरी गेलेल्यांसाठी रक्कम ५० टक्के आणि प्रतीक्षा ३० दिवस अशी सुधारणा झाली. योजना कायमस्वरूपी नसून तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, त्यामुळे आपली नोकरी ज्या तारखेला गेली ती तारीख चालू मुदतीत बसते ना, हे ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात किंवा १८००-११-२५२६ या निःशुल्क क्रमांकावर आधी विचारून घ्यावे.

ही योजना ईएसआयच्या विमाधारकांपुरती आहे. विम्यासाठी वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, तर दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ती २५,००० रुपये आहे. अंशदान (पगारातून व मालकाकडून जमा होणारा विम्याचा हप्ता) ज्या सहामाहीनुसार मोजले जाते, तो अंशदान कालावधी चालू असताना पगारवाढ होऊन वेतन या मर्यादेच्या वर गेले, तरी तो कालावधी संपेपर्यंत विमा चालू राहतो.

पात्रतेच्या अटी तारखांवर उभ्या आहेत, म्हणून त्या जरा सावकाश पाहणे आवश्यक आहे. पहिली अट अशी की, नोकरी जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे तुम्ही विमायोग्य, म्हणजे ईएसआय लागू असलेल्या, नोकरीत असले पाहिजे. दुसरी अट अंशदानाची आहे. ईएसआयचे वर्ष दोन अंशदान कालावधींत विभागलेले असते : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बेरोजगार होण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले हवे आणि त्याआधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी कोणत्याही एका कालावधीत पुन्हा किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे. समजा, तुमची नोकरी डिसेंबर २०२५ मध्ये गेली. तर एप्रिल ते सप्टेंबर २०२५ या सहामाहीत ७८ दिवस भरले पाहिजेत, आणि ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५, एप्रिल ते सप्टेंबर २०२४ किंवा ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ यांपैकी एका सहामाहीत तेवढेच दिवस भरले पाहिजेत. मध्ये नोकरी बदलली असली तरी हरकत नाही. मात्र दोन्ही ठिकाणचे अंशदान एकाच विमा क्रमांकावर जमा झालेले असावे. नव्या ठिकाणी रुजू होताना जुना क्रमांक न सांगितल्यामुळे दुसरा क्रमांक निघाला असेल, तर आधीच्या सेवेचे दिवस त्यावर दिसत नाहीत आणि पात्र माणूस अपात्र ठरतो. दोन क्रमांक असल्यास दाव्याआधी शाखेत जाऊन ती दुरुस्ती करून घ्यावी.

तिसरी अट नोकरी जाण्याच्या कारणाची आहे आणि माझ्या मते सर्वाधिक दावे याच ठिकाणी अवघड होऊन बसतात. बेरोजगारी तुमच्या इच्छेविरुद्ध आलेली असली पाहिजे. गैरवर्तनाबद्दल काढून टाकलेल्या, नियत वयानुसार निवृत्त झालेल्या, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या किंवा स्वतःहून काम सोडून गेलेल्या व्यक्तीला हे साहाय्य मिळत नाही. मालकाने कारखान्यात पुकारलेली टाळेबंदी किंवा बेकायदेशीर ठरवलेला संप यांमुळे काम बंद असेल, तर तो काळही यात धरला जात नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी विमायोग्य नोकरी करणाऱ्याची एक नोकरी गेली आणि दुसरी चालू राहिली, तर तो बेरोजगार मानला जात नाही.

कामावरून कमी करताना अनेक ठिकाणी कामगाराला केबिनमध्ये बोलावून छापील राजीनाम्यावर सही करायला सांगितले जाते आणि ‘सही केल्याशिवाय फुल अँड फायनल निघणार नाही’ असेही सुनावले जाते. त्या क्षणी घरभाडे आणि मुलांची फी डोळ्यांसमोर असते, त्यामुळे माणूस सही करून मोकळा होतो. पण त्या कागदाचा अर्थ नोकरी तुम्ही स्वतः सोडली असा निघतो आणि दाव्याच्या छाननीत तोच कागद तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो. तुम्हाला कमी केले जात असेल, तर राजीनामा न देता सेवासमाप्तीचे लेखी पत्र मागावे, आणि त्यात कामाचा शेवटचा दिवस व कामगार कपातीचे कारण स्पष्ट लिहून घ्यावे. पत्र द्यायला टाळाटाळ झाली, तर तीच मागणी ईमेलने करून ठेवावी, म्हणजे निदान तारखेचा पुरावा हाती राहतो.

मालकाने ईएसआयसीच्या पोर्टलवर केलेली नोंद पत्राइतकीच महत्त्वाची असते. प्रत्येक आस्थापना दर महिन्याचे अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरते आणि ते भरताना ज्याचे काम थांबले आहे त्याच्या नावापुढे कारणाचा सांकेतिक क्रमांक व कामाचा शेवटचा दिवस नोंदवते. ‘सेवा सोडली’ यासाठी २ हा क्रमांक आहे, तर ‘कामगार कपात’ यासाठी १० हा वेगळा क्रमांक आहे. वेतन विभागातला कर्मचारी सवयीने सगळ्यांनाच २ लावून टाकतो. म्हणून शेवटच्या दिवशीच त्या विभागाला भेटून आपल्या नावापुढे कपातीचे कारण जाईल, याची खात्री करून घ्यावी. मार्चमध्ये काम सुटले असेल, तर ही नोंद एप्रिलच्या मध्यापर्यंत दिसू लागते. त्याआधी पोर्टलवर तुम्ही नोकरीतच आहात असे दिसले तर घाबरून जाण्याचे कारण नाही.

रक्कम किती मिळेल, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. आधीच्या चार अंशदान कालावधींतले, म्हणजे दोन वर्षांचे, एकूण वेतन घेऊन त्याला ७३० ने भागायचे. जे उत्तर येईल ते सरासरी दैनिक वेतन आणि त्याच्या निम्मी रक्कम दररोजची मदत, जी जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते. महिना १८,००० रुपये वेतनाने सलग २४ महिने काम केलेल्या व्यक्तीचे एकूण वेतन ४,३२,००० रुपये होते. दैनिक सरासरी सुमारे ५९१ रुपये ७८ पैसे, तिच्या निम्मे २९५ रुपये ८९ पैसे आणि ९० दिवसांचे साधारण २६,६३० रुपये. भागाकार नेहमी ७३० नेच होत असल्यामुळे मधल्या खंडाचा फटका बसतो. त्याच व्यक्तीने त्या दोन वर्षांत २० महिनेच वेतन घेतले असेल, तर ९० दिवसांची रक्कम २२,१९२ रुपयांच्या आसपास येते. ही मदत आयुष्यात एकदाच मिळते, हेही लक्षात असू द्यावे.

दावा नोकरी गेल्याच्या तारखेपासून ३० दिवसांनी देय होतो आणि तो एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. मदत बेरोजगारीच्या पूर्ण झालेल्या महिन्यांसाठी मिळते. येणाऱ्या महिन्यांसाठी आगाऊ दावा करता येत नाही. मध्येच नवे काम मिळाले, तर नोकरी गेल्यापासून नव्या कामावर रुजू होईपर्यंतच्या काळाचीच रक्कम मिळते. नवे काम लपवून दावा चालू ठेवणे धोक्याचे आहे, कारण खोटे निवेदन हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात दोषी ठरलेली व्यक्ती या योजनेस अपात्र ठरते. शिवाय नव्या ठिकाणचे अंशदान त्याच विमा क्रमांकावर जमा होत असल्याने ते लपूनही राहत नाही.

कागदपत्रांची यादी छोटी आहे. विमा क्रमांक किंवा ई-पहचान पत्र (ईएसआयचे ओळखपत्र), आधार कार्ड आणि स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचा तपशील, म्हणजे पासबुकाचे पहिले पान किंवा कॅन्सल केलेला चेक, एवढे मूलभूत आहे. सेवासमाप्तीचे पत्र आणि शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा सोबत ठेवाव्यात. छाननीत शंका निघाली तर त्या उपयोगी पडतात. पूर्वी हा दावा स्टॅम्प पेपरवरच्या प्रतिज्ञापत्राच्या रूपात द्यावा लागे. नोव्हेंबर २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली आणि आता कागदपत्रांच्या स्कॅन प्रती जोडून दावा ऑनलाइन करता येतो.

यादी छोटी असली तरी कागदांवरची माहिती एकमेकांशी जुळणे अत्यावश्यक आहे. आधार आणि बँक खाते हे दोन्ही ईएसआयच्या नोंदीशी जोडलेले असणे ही योजनेची अटच आहे. अडचण बहुधा नावाच्या लिखाणात येते : आधारवर वडिलांचे नाव मधोमध असते, ईएसआयच्या नोंदीत फक्त नाव आणि आडनाव असते, तर लग्न झालेल्या मुलीचे बँक खाते सासरच्या आडनावाने असते. जन्मतारखेतही असाच फरक सापडतो, कारण रुजू होताना घाईने भरलेला तपशील पुन्हा कोणी तपासलेला नसतो. नोकरी चालू असतानाच पोर्टलवर जाऊन हे सारे ताडून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. नोकरी गेल्यानंतर दुरुस्तीसाठी पुन्हा जुन्या मालकाच्या दारात जाण्याची वेळ येऊ शकते आणि तेव्हा तो किती तत्परता दाखवेल, याचा भरवसा नसतो.

प्रत्यक्ष अर्ज ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमधून होतो. विमा क्रमांक आणि नोंदणीकृत मोबाइलच्या आधारे प्रवेश केल्यावर या योजनेच्या दाव्याचा पर्याय निवडायचा, बेरोजगारीचा कालावधी भरायचा, बँकेचा तपशील तपासायचा आणि कागदपत्रे जोडायची. अंशदानाच्या अटी पूर्ण होतात की नाही, हे यंत्रणा आपल्या नोंदीवरून तपासते. कागदपत्रे ऑनलाइन जोडता आली नाहीत, तर भरलेल्या दाव्याची प्रिंट काढून, सही करून, कागदपत्रांसह आपल्या शाखा कार्यालयात प्रत्यक्ष किंवा टपालाने द्यावी. दावा जुन्या मालकाकडून पुढे पाठवून घेण्याची पूर्वीची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली आहे, ही मोठीच सोय म्हटली पाहिजे. प्रत्यक्ष जात असाल तर झेरॉक्सच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पुढे तक्रारीची वेळ आली, तर त्या शिक्क्याच्या तारखेपासूनच दिवस मोजले जातात. शाखा व्यवस्थापक नोंदी पडताळतो आणि मंजूर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. दाव्याचा निपटारा १५ दिवसांत होणे अपेक्षित आहे. तो झाला नाही, तर आधी शाखेत लेखी विचारणा करावी, मग निःशुल्क क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर पोच क्रमांकासह तक्रार नोंदवावी.

हा अर्ज करण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर तपासावी. कारखाना कायमचा बंद झाला असेल किंवा तुमची कायदेशीर कामगार कपात झाली असेल, तर ईएसआयचीच ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना’ कदाचित अधिक लाभाची ठरेल. १ एप्रिल २००५ पासून असलेल्या या योजनेत बेरोजगारी भत्ता कमाल २४ महिने मिळतो. पहिल्या वर्षी वेतनाच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. कामाशी संबंध नसलेल्या इजेमुळे ४० टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेलेल्यांनाही ती लागू आहे. एकाच काळासाठी दोन्ही योजनांचे पैसे घेता येत नाहीत, म्हणून शाखेत दोन्हींची पात्रता विचारून मगच निर्णय घ्यावा. कामावरच्या अपघातामुळे मिळणारे कायम अपंगत्वाचे नियमित हप्ते मात्र ९० दिवसांच्या मदतीसोबतही चालू राहतात.

ज्यांचा पगार मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे ईएसआय कापलाच जात नव्हता, त्यांना या दोन्ही योजना लागू नाहीत. कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत ते बसत असतील, तर सलग सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी कपातीची भरपाई मागण्याचा हक्क त्यांना आहे. ती भरपाई मालकाने द्यायची असते. भविष्य निर्वाह निधी ही तर स्वतःचीच बचत आहे. मालकाने तिथे सेवा संपल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या अंशदानाला दोन महिने झाल्यावर यूएएनच्या (भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य क्रमांकाच्या) लॉगिनमधून ती स्वतः नोंदवता येते.

शेवटी वैद्यकीय सेवेविषयी. ज्या काळासाठी ही मदत मिळते, त्या काळात विमाधारकाला ईएसआयच्या वैद्यकीय सेवेचा हक्क राहतो. नोकरी गेली म्हणून चालू उपचार अर्धवट सोडू नयेत. दवाखान्यात किंवा रुग्णालयात ई-पहचान पत्रासोबत मंजूर दाव्याची प्रत दाखवावी आणि उपचार पुढे चालू ठेवावेत.