पार्श्वभूमी: बागेच्या हिरवळीचा दर्जा कागदावर कसा आला

सार्वजनिक बागेतलं गवत किती उंच चालेल, ताटव्यांत खुरपणी कधी व्हायला हवी, हे करारात लिहून ठरवायची रीत ब्रिटनमध्ये कशी घडली, ते पाहण्यासारखं आहे.

पूर्वी तिथे मोठी हिरवळ राखायची म्हणजे लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापायचं, नाहीतर मेंढ्या चरायला सोडायच्या. स्ट्राउडच्या एडविन बडिंगने लोकरी कापडाचे तंतू कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापायचं यंत्र बनवलं आणि 1830 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एकसारखी हिरवळ आता आवाक्यात आली. 1845 मध्ये काचेवरचा कर उठला, काचगृहं स्वस्त झाली आणि हंगामी फुलांचे ताटवे सार्वजनिक बागांतही आले. तरी दर्जा काय, हे ठरायचं मुख्य माळ्याच्या नजरेवर.

हे बदललं 1988 च्या स्थानिक शासन कायद्याने. बागांच्या देखभालीसाठी स्पर्धात्मक निविदा सक्तीच्या झाल्या. पालिकेच्या माळ्यांनाही आपलंच काम राखायला खासगी ठेकेदारांसमोर दर भरावे लागले. माळ्याची नजर निविदेत मावत नाही, तेव्हा काम शब्दांत आणि आकड्यांत बांधावं लागलं. त्याचे दोन मार्ग होते: हंगामात अमुक वेळा कापणी, किंवा गवत अमुक मिलीमीटरच्या वर जाता कामा नये. पहिल्यात बिल तपासायला सोपं, पण फेऱ्या पावसापाण्याकडे पाहून ठरत नाहीत. आपल्याकडे जुलैत आठवड्याभरात गवत घोट्याशी येतं आणि एप्रिलमध्ये पाण्यावाचून पिवळं पडतं. दोन्ही वेळा यंत्र सारखंच फिरवण्यात काय अर्थ? मला दुसरा मार्गच खरा वाटतो. मात्र त्यासाठी गवत ओळखणारा पर्यवेक्षक रोज बागेत हवा, आणि खर्चकपातीत बहुतेकदा आधी हेच पद जातं. ताटव्यांचं तर अधिकच अवघड: तण किती, हे मोजता येतं, झाड तजेलदार आहे का, हे पाहावंच लागतं.

1996 मध्ये ‘ग्रीन फ्लॅग’ पुरस्कार सुरू झाला, तो ही उणीव ओळखून. त्याचे जाणकार परीक्षक बागेचा व्यवस्थापन आराखडा वाचतात आणि मग स्वतः बागेत फिरून पाहतात. निविदांची सक्ती जानेवारी 2000 मध्ये संपली; ‘ग्रीन फ्लॅग’ आजही दिला जातो.