मेगावॅट आणि युनिट: बातमीतली वीज, बिलातली वीज

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, वायू, डिझेल सोडून इतर स्रोतांची आहे. पॅरिस करारात आपण 2030 साठी जे कबूल केलं होतं, ते पाच वर्षं आधीच साधलं. ही खरंच मोठी कामगिरी आहे. पण त्यावरून 'देशाची निम्मी वीज स्वच्छ झाली' असा अर्थ कोणी काढला, तर तो साफ चुकीचा आहे. तेव्हाही आपल्या विजेतला सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा कोळशाचाच होता.

क्षमता मोजतात मेगावॅटमध्ये, वीज मोजतात युनिटमध्ये. महावितरणचं बिल काढून बघा, दोन्ही आकडे तिथे आहेत. 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये असतो: एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची मुभा आहे, ते. खाली वापर असतो युनिटमध्ये: महिनाभरात खरोखर किती वापरली, ते. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. वीज केंद्राचंही तसंच. मेगावॅट म्हणजे पूर्ण ताकदीने चाललं तर किती देऊ शकेल. युनिट म्हणजे प्रत्यक्षात किती दिली.

एक मेगावॅटचा, म्हणजे हजार किलोवॅटचा, संच वर्षभर, दिवसरात्र, पूर्ण क्षमतेने चालला तर 87.6 लाख युनिट मिळतील. कोळशाचे संच अलीकडे देशात सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपास चालतात, म्हणजे साधारण 60 लाख. सौर पॅनेलला रात्र आहे, ढग आहेत, पावसाळा आहे, त्यामुळे त्यांचा आकडा एक-पंचमांशाच्या जवळपास, म्हणजे 17-18 लाखांवर थांबतो. कोळशाच्या एका मेगावॅटएवढी युनिटं हवी असतील तर सौरचे तीन-साडेतीन मेगावॅट उभारावे लागतात. घराच्या छतावरही हाच हिशेब: एक किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण 120 युनिट देतात.

पण निव्वळ युनिटं मोजूनही भागत नाही, हे आपल्या कोयनेकडे पाहिलं की कळतं. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) एवढंच ठरवून दिलं, म्हणून हे केंद्र वर्षभर पूर्ण ताकदीने चालूच शकत नाही. क्षमतेच्या मानाने युनिटं कमीच. तरीही राज्याला कोयनेचं मोल मोठं आहे, कारण विजेची मागणी चढली की तिचे संच काही मिनिटांत सुरू होतात. सौर प्रकल्पही क्षमतेच्या मानाने थोडीच युनिटं देतो, पण ती कधी द्यायची हे सूर्य ठरवतो.

स्वच्छ ऊर्जेचं घोडं पैशापाशी अडतं, ते इथेच. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला 1 रुपया 99 पैशांपर्यंत उतरला होता. मग आपलं बिल का उतरत नाही, हा प्रश्न रास्त आहे. वीज बाजारात दुपारी भाव पडतो आणि दिवेलागणीनंतर चढत जातो, कधी 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. त्या वेळेसाठी कोळशाचे संच सज्ज ठेवावेच लागतात. त्यांच्याशी केलेल्या करारात दोन आकार असतात. एक क्षमतेचा, म्हणजे संच तयार ठेवल्याबद्दल. दुसरा प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटांचा. दुपारी सौर वीज घेतली की दुसरा आकार वाचतो, पहिला भरावाच लागतो. वितरण कंपनी एका परीने सौरची युनिटं आणि कोळशाचे मेगावॅट अशी दोन्ही खरेदी करत असते. शिवाय राजस्थानच्या वाळवंटातली वीज मागणीच्या ठिकाणी आणणाऱ्या वाहिन्या दुपारच्या भारासाठी बांधायच्या, आणि रात्री त्यांतला मोठा भाग रिकामा. हा खर्च लिलावाच्या दरात दिसत नाही.

म्हणून मला महाराष्ट्रातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना महत्त्वाची वाटते. तिच्या दुसऱ्या टप्प्याचं लक्ष्य 16,000 मेगावॅट आहे, पण माझं लक्ष त्या आकड्याकडे नाही. शेतीपंपाला वीज मिळायची पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की शेतकऱ्याने टॉर्च घेऊन पिकाला बारे द्यायला जायचं. पायाखाली साप, उसात बिबट्या. गावाजवळच्या वीज उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज दिली, तर ऊन असतानाच पंप चालतो. युनिट तयार होतं त्याच वेळी, जवळच खपतं. साठवण नको, लांबची वाहिनी नको. शेतकऱ्याची झोपही वाचते, आणि ती कुठल्याच हिशेबात धरलेली नाही.

शहरातल्या रात्री आठच्या मागणीला मात्र साठवणच लागते, आणि तिथे मेगावॅट-युनिटची ही गल्लत पुन्हा होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये हॉर्न्सडेलची गाजलेली बॅटरी बसली. ताकद 100 मेगावॅट, साठा 129 मेगावॅट-तास, म्हणजे 1 लाख 29 हजार युनिट. पूर्ण जोराने चालवली तर सव्वा तासात संपणार. बॅटरीच्या बातमीत नुसते मेगावॅट दिले असतील, तर ती किती वेळ पुरेल हे कळतच नाही. पाणी वरच्या तलावात चढवून ठेवून गरजेला खाली सोडणाऱ्या घाटघरच्या उदंचन केंद्रालाही हे लागू आहे: 250 मेगावॅट खरे, पण वरच्या तलावात पाणी आहे तोवर.

फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सूचना केली की नव्या सौर निविदांत प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांची साठवण मागावी. दिशा योग्य आहे. हिशेब मांडून बघा: 100 मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला 10 मेगावॅटची बॅटरी, दोन तास, म्हणजे 20 हजार युनिट. तो प्रकल्प दिवसाला साधारण पावणेपाच लाख युनिट काढतो. संध्याकाळसाठी त्यातले शंभरातले चार राखले जातील.